किती वर्षं वाट पाहायची?

मागच्या व्याख्यानात आपण श्रद्धा आणि पुरावा यांच्या नात्याबद्दल बोललो. त्यानंतर ज्या चिठ्ठ्या आल्या त्यांतली एक मी बाजूला काढून ठेवली होती. एकच ओळ आहे: "देवावर भरवसा ठेवून किती वर्षं वाट पाहायची?" खाली नाव नाही, गाव नाही, कशाची वाट पाहायची तेही लिहिलेलं नाही. पण 'किती दिवस' न विचारता 'किती वर्षं' असं विचारलंय, तेव्हा हे माणूस पुष्कळ थांबलेलं आहे एवढं कळतं. मूलबाळ, नोकरी, कोर्टातला दावा, अंथरुणाला खिळलेलं घरातलं कुणी, घर सोडून गेलेला मुलगा... काहीही असू शकेल.

मी तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस आहे, कीर्तनकार नाही. "धीर धरा, सगळं चांगलं होईल" एवढं सांगून माझी सुटका होत नाही. सगळं चांगलं होईल हे मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही. तेव्हा जे माहीत आहे तिथून सुरुवात करू.

आधी शब्दांकडे बघा. मराठीत आपण वाट 'पाहतो'. एस.टी. उशिरा आली की आपण खोळंबतो. कचेरीत साहेब जागेवर नसले की ताटकळतो. या दोन्हींत नजर घड्याळाकडे असते आणि मन चिडलेलं असतं. वाट पाहताना नजर रस्त्याकडे असते, ज्या दिशेनं कुणी यायचंय त्या दिशेला. वेळ तेवढाच जातो, पण माणसाचं तोंड वेगळ्या बाजूला असतं. सिमोन वेल नावाची एक फ्रेंच विचारवंत होऊन गेली, १९०९ ते १९४३ एवढंच आयुष्य. तिच्या मरणानंतर जे लेखन पुस्तकरूपानं आलं, त्याच्या शीर्षकातच 'देवाची वाट पाहणं' आहे. फ्रेंचमध्ये वाट पाहणं आणि लक्ष देणं हे एकाच कुळातले शब्द आहेत, आणि तिचा सगळा विचार त्या नात्यावर उभा आहे. ही बाई गीता वाचण्यासाठी संस्कृत शिकत होती, हे जाता जाता सांगतो. तिच्याकडे आपल्याला पुन्हा एकदा यायचंय.

आता व्याकरणातला एक भेद. "पाऊस येईल असा माझा विश्वास आहे" आणि "माझा देवावर विश्वास आहे" या दोन वाक्यांत 'विश्वास' हा शब्द एकच आहे, पण काम एक नाही. पहिल्या वाक्यातला विश्वास एका घटनेबद्दल आहे. घटना घडली तर तो खरा, नाही घडली तर खोटा. दुसऱ्यात 'असा' नाही, 'वर' आहे. तिथे आपण कुणावर तरी भार टाकतोय. बायकोचा नवऱ्यावर विश्वास आहे म्हणजे तो रोज सात वाजता घरी येईल असं भाकीत ती करते का? नाही. तो उशिरा आला तरी काहीतरी कारण असेल, एवढी जागा ती त्याच्यासाठी ठेवते. लांबलेल्या काळात आपली गल्लत नेमकी इथे होते. 'देवावर विश्वास आहे' म्हणता म्हणता आपण मनात 'मुलाला यंदा नोकरी लागेल' असं वाक्य लिहून ठेवतो. नोकरी लागली नाही की आपल्याला वाटतं विश्वासच खोटा ठरला. खोटं ठरलेलं असतं ते भाकीत.

कुणी म्हणेल, सर, हा शब्दांचा खेळ झाला. मग शब्द सोडू आणि पाण्याकडे येऊ. खानदेशात पाण्यावर बोललं की लोक सावरून बसतात.

धुळे जिल्ह्यात पांझरेवर फड पद्धत आहे. तुमच्यातल्या साक्री-धुळ्याकडच्या लोकांना ती मी सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालची जमीन फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि वर्षागणिक पिकं फिरवायची. काही शतकं ही रीत चालत आली. त्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी, की शेतकरी आपलं पाणी आपण घेत नाही. पाणी पाटकरी देतो. तुमचं शेत पाटाच्या शेपटीला असलं तरी तुमची पाळी येणार असते, आणि ती येईपर्यंत तुम्ही मधेच पाट फोडायचा नसतो. फड जिथे टिकला तिथे माणसं देवमाणसं होती म्हणून टिकला नाही. पाळी येते हा अनुभव पिढ्यांचा होता, म्हणून टिकला. आपले नैयायिक 'आप्त' म्हणतात ना, ज्याचा शब्द मानावा असा माणूस: त्याला माहीत असतं आणि तो फसवत नाही. पाटकरी त्या अर्थानं आप्त.

असं वाट पाहणं सोपं आहे. म्हणजे त्रास असतो, पण क्रम ठाऊक असतो. रेशनच्या रांगेत, दवाखान्यातल्या नंबरात आपण हेच करतो.

आता पाटाचं पाणी सोडा आणि आभाळाच्या पाण्याकडे या. रोहिणी संपत आलेल्या, मृग तोंडावर, जमीन तापून भुगा झालेली, आणि त्या कोरड्या मातीत माणूस कपाशीचं बी टाकतो. आपण याला धूळपेरणी म्हणतो. आभाळाची पाळी लागलेली नसते. तिथे पाटकरी नाही, ज्याला जाऊन विचारावं. कृषी खातं सांगतं की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, आणि ते योग्यच सांगतं. धूळपेरणीला मी उगाच अध्यात्म चिकटवणार नाही. ती जोखीम आहे आणि तिच्यामागे हिशेब आहे: पाऊस वेळेवर आला तर पीक आठ-पंधरा दिवस पुढे निघतं. पण त्या शेतकऱ्याकडे नीट बघा. तो बी टाकतो, आणि शहाणा असेल तर दुबार पेरणीची तजवीजही करून ठेवतो. दुसऱ्या पिशवीचे पैसे बाजूला असतात. आता सांगा, त्याचा विश्वास कमी म्हणायचा का? आपल्याकडे एक विचित्र समज आहे, की पूर्ण विश्वास असेल तर दुसरी पिशवी ठेवू नये. डॉक्टर बदलू नये, दुसरीकडे अर्ज करू नये, पर्याय शोधला की देवावर अविश्वास दाखवला. मला हे अजिबात पटत नाही. पावसाला जो हुकूम देऊ शकत नाही, तो दुसरी पिशवी ठेवणारच. तसं करणं म्हणजे आभाळ आपलं नोकर नाही हे मान्य करणं.

आता धुळ्यात येऊ. १९३२ साल, धुळ्याचा तुरुंग. सविनय कायदेभंगात पकडलेले सत्याग्रही आत आहेत, त्यांत विनोबा आहेत आणि साने गुरुजी आहेत. २१ फेब्रुवारी १९३२ ला, रविवारी, विनोबांनी गीतेच्या पहिल्या अध्यायावर बोलायला सुरुवात केली. मग दर रविवारी एक अध्याय. १९ जूनला अठरावा झाला. अठरा रविवार, एकही खाडा नाही. साने गुरुजी समोर बसून लिहून घेत होते. त्यांचा हात भरभर चालायचा आणि मन त्याहून भरभर चालायचं, म्हणून 'गीता प्रवचने' हे पुस्तक आपल्या हातात आहे.

या प्रसंगात मला विचार करायला लावणारी गोष्ट वेगळीच आहे. त्या कैद्यांना आपापल्या शिक्षेची तारीख माहीत होती. अमुक महिन्यात सुटणार, हे पाळीसारखं. पण ज्यासाठी आत आले त्याची तारीख कुणालाच माहीत नव्हती. आपण आज १९४७ हा आकडा घेऊन मागे बघतो, म्हणून आपल्याला त्यांचं थांबणं पंधरा वर्षांचं दिसतं. त्यांना ते असं दिसत नव्हतं. त्यांच्यापुढे आकडाच नव्हता. दांडीयात्रा होऊन गेली होती, तडजोडी झाल्या होत्या, फिसकटल्या होत्या. बाहेर चळवळ चेपली जात होती. आणि आत एक माणूस दर रविवारी पुढचा अध्याय घेत होता. 'स्वराज्य केव्हा' याचं उत्तर त्या अठरा रविवारांत नाही.

विनोबांनी चौथ्या अध्यायाच्या निमित्तानं 'विकर्म' या शब्दाचा जो अर्थ लावला, तो इथे कामाचा आहे. बाहेर हात काम करताहेत ते कर्म. त्या कामाला आतून मनाची जी जोड मिळते ते विकर्म. जोड मिळाली की कामाचं ओझं वाटेनासं होतं, तेच अकर्म. काही पंडितांना हा अर्थ शास्त्राला धरून वाटत नाही, त्यांचा मुद्दा मला समजतो. पण लांबलेल्या काळात माणसाचं काय होतं याचं वर्णन म्हणून मला तो फार अचूक वाटतो. वर्षानुवर्षं आजाऱ्याची सेवा करणाऱ्या घरात जा. औषधं, पथ्य, कूस बदलणं ही कामं सगळीकडे तीच असतात. एका घरात ती नुसती उरकली जातात, दुसऱ्या घरात त्यांत जीव असतो. बरं होण्याची शक्यता दोन्हींकडे सारखी. फरक वाट पाहण्याच्या आतल्या बाजूला आहे, आणि तो फरक आजाऱ्याला सगळ्यांच्या आधी कळतो.

विनोबांच्याच घरातली आणखी एक गोष्ट. त्यांच्या आईंना, रुक्मिणीबाईंना, संस्कृत गीता कळायची नाही. बडोद्याला असताना त्यांनी मुलाकडे मराठी गीता मागितली. जी मिळाली तीही त्यांना अवघड वाटली. तेव्हा त्या म्हणाल्या, मग तूच का करत नाहीस? १९१८ मध्ये त्या गेल्या. 'गीताई' लिहायला विनोबा बसले ते १९३० च्या ऑक्टोबरात, आणि ती पुरी झाली १९३१ च्या फेब्रुवारीत. आई जाऊन बारा वर्षं झाली होती. म्हणजे जिनं मागितलं तिला ते मिळालं नाही. महाराष्ट्रातल्या लाखो घरांतल्या बायकांना मिळालं, ज्यांनी मागितलं नव्हतं.

ही गोष्ट सांगून बरेच वक्ते टाळी घेतात: बघा, उशिरा का होईना, फळ आलंच. मी तसं म्हणणार नाही. त्या आईपुरतं बघितलं तर फळ आलं नाही, हे जसंच्या तसं समोर ठेवलं पाहिजे. माझं म्हणणं एवढंच, की मागणारा आणि मिळणारा एकच असेल असा करार कुठे झालेला नसतो. आपल्या जळगावच्या बहिणाबाईंचं तरी काय? जन्मभर शेतात आणि जात्यावर गाणी रचली, लिहिता-वाचता येत नव्हतं, १९५१ च्या डिसेंबरात गेल्या, आणि पुस्तक आलं १९५२ मध्ये. त्या पुस्तकाची वाट तरी पाहत होत्या असं म्हणवत नाही. त्या गात होत्या.

इथवर मी जे बोललो ते ज्याचं त्यानं स्वतःला सांगायचं आहे. आता दुसरी बाजू बघू, आणि तिथे माझा सूर थोडा कडक होईल.

पंढरपूरची कल्पना मोठी विलक्षण आहे. जगभर भक्त देवाची वाट पाहतो. आपल्याकडे पुंडलिकानं देवाला थांबवलं. आईबापांची सेवा चालू आहे, ही वीट घे आणि उभा राहा. देव उभा आहे, परंपरा म्हणते अठ्ठावीस युगं. वाट पाहण्याचं दुःख देवालाही ठाऊक आहे, असा याचा एक अर्थ मी घेतो. पण त्याच पंढरपुरात चोखोबा दाराबाहेर राहिले. मंगळवेढ्याला गावकुसाचं बांधकाम कोसळून ते गेले, अस्थी पंढरपूरला आणून महाद्वारापाशी समाधी बांधली. जिवंतपणी बाहेर, मेल्यावरही पायरीशी. नंतर सहाशे वर्षं त्यांच्या लोकांना काय सांगितलं गेलं? धीर धरा. विठ्ठलाला भाव हवा, दर्शन आतून होतं.

हे वाट पाहणं देवानं लादलेलं होतं का? नाही. दाराला कुलूप माणसांचं होतं. आभाळाचं पाणी लांबलं तर ते आभाळाकडे. पाट कुणी अडवला असेल आणि अडवणाराच तुम्हाला 'देवावर विश्वास ठेवा' म्हणत असेल, तर तो देवाच्या नावानं खोटं बोलतोय. म्हणून माझं ठाम मत आहे की देवावरचा भरवसा ही पहिल्या पुरुषी एकवचनी गोष्ट आहे. 'मी थांबेन' असं मला म्हणता येतं. 'तू थांब' असं दुसऱ्याला म्हणायचं झालं, तर आधी त्याच्या दाराला माझं कुलूप नाही ना हे बघितलं पाहिजे.

बाबासाहेब आंबेडकरांनी २ मार्च १९३० ला नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह सुरू केला. वर्षांमागून वर्षं गेली, दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात त्यांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून मरणार नाही. १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला ते खरं करून दाखवलं. कुणी याला अधीरपणा म्हणेल का? एकवीस वर्षं विचार करून उचललेलं पाऊल आहे ते. १९३७ च्या ३१ जुलैला ते धुळ्याला आले होते, लळिंगच्या लांडोर बंगल्यात मुक्काम होता. आजही त्या तारखेला तिथे माणसांची रीघ लागते. 'किती वर्षं वाट पाहायची' या प्रश्नाचं एक उत्तर त्या रस्त्यावर चालत असतं, आणि ते उत्तर पूर्ण धार्मिक आहे असं मी मानतो.

दुसरं उत्तर साने गुरुजींचं. अमळनेरच्या ज्या तत्त्वज्ञान मंदिराची स्थापना प्रताप शेठजींनी १९१६ मध्ये केली, तिथे ते तरुणपणी आले, मग १९२४ ते १९३० प्रताप हायस्कुलात शिकवलं. विठ्ठल त्यांनी सोडला नाही. पण दाराबाहेरच्यांना थांबायलाही सांगितलं नाही. गावोगाव फिरून लोकमत तयार केलं, आणि १ मे १९४७ ला पंढरपुरात उपोषणाला बसले. खुद्द गांधीजींनी उपोषण सोडावं असं कळवलं होतं, तरी बसून राहिले. १० मे ला, मंदिर सर्वांना खुलं करायचं मान्य झाल्यावर, उपोषण सुटलं. इथे बारकाईनं बघा: स्वतःच्या जिवाच्या बाबतीत ते थांबायला तयार होते, दुसऱ्याच्या हक्काच्या बाबतीत एक दिवस नाही. सिमोन वेलकडे पुन्हा येतो म्हणालो होतो, ते यासाठी. ख्रिस्तावर जीव असून तिनं निरोगी असेपर्यंत चर्चचा बाप्तिस्मा घेतला नाही. एक कारण असं, की जे दाराबाहेर आहेत त्यांच्याबरोबर राहायचं. अमळनेरचे मास्तर आणि मार्सेयची ही बाई एकमेकांना कधी भेटले नाहीत, पण दोघं एकाच पायरीवर बसले होते.

आणि आता एक गोष्ट, जी अशा व्याख्यानांत टाळली जाते. ११ जून १९५० ला साने गुरुजींनी आपलं आयुष्य स्वतः संपवलं. ज्यांच्या हातानं 'गीता प्रवचने' लिहिली गेली त्यांनी. स्वराज्य आलं होतं, मंदिर उघडलं होतं. गांधीहत्येचा घाव होता, देशाचं चित्र मनासारखं नव्हतं, मन आधीपासून हळवं होतं. यावर "त्यांचा विश्वास कमी पडला" असं म्हणणारे लोक मला भेटले आहेत. मी त्यांना हात जोडतो. पाय मोडला तर आपण म्हणत नाही की याची श्रद्धा कमी पडली. मनही मोडतं. विश्वास असलेल्यांचंही मोडतं. फार काळ एकट्यानं भार वाहणारा माणूस कधी वाकेल ते बाहेरून दिसत नाही. म्हणून ज्यांनी ती चिठ्ठी लिहिली त्यांना, आणि तुमच्यापैकी ज्यांच्या मनात असे विचार डोकावत असतील त्यांना, मी व्याख्यान थांबवून सांगतो: आजच घरातल्या कुणाला तरी सांगा, डॉक्टरकडे जा. देवाचं नाव घेणं आणि माणसाची मदत घेणं यांत काडीचाही विरोध नाही. ही तुमची दुसरी पिशवी आहे.

नवसाबद्दलही विचारणा आहे, तेवढं घेतो. धुळ्यात एकवीरेला, वणीला सप्तशृंगीला, आपल्या खानदेशात नवस बोलणारी घरं पुष्कळ. तत्त्वज्ञानाच्या वर्गात नवसाला नाकं मुरडतात: हा देवाशी सौदा आहे. सौदा आहे खराच. पण नवसात एक प्रामाणिकपणा असतो, मला काय हवंय ते बाई तोंडानं स्पष्ट सांगते. "तुझी इच्छा" असं म्हणत मनात यादी जपणाऱ्यापेक्षा ते मला बरं वाटतं. अडचण तेव्हा येते जेव्हा वर्षं लोटतात आणि ती स्वतःलाच आरोपी करते. नवसात कुठे चुकलं, काय राहिलं, कुणाचा कोप झाला. बाई, काही चुकलेलं नाही. मागितलंत, मिळालं नाही, एवढंच घडलंय. पुन्हा मागा वाटलं तर मागा, रागवावंसं वाटलं तर रागवा. आपल्या संतांनी विठ्ठलाला कमी शिव्या घातलेल्या नाहीत, आणि तो विटेवरून उतरून गेलेला नाही.

दरवर्षी मुक्ताईची पालखी आपल्या मुक्ताईनगरहून निघते. बुलढाणा, जालना, बीड असे जिल्हे ओलांडत महिनाभराहून जास्त चालते. निघायची वेळ बघा कोणती: ज्येष्ठ महिना, ऐन पेरणीचा. चालणाऱ्यांत शेतकरीच जास्त. शेत भावाच्या, मुलाच्या हवाली केलेलं असतं. मुक्कामाच्या गावी संध्याकाळी टाळ खाली ठेवले की लोक खिशातून फोन काढतात आणि घरी विचारतात, "तिकडे पडला का?" कधी पलीकडून "पडला" येतं, कधी "नाही अजून" येतं. मग दुसऱ्या पिशवीचं काय ते बोलून घेतात, फोन ठेवतात आणि हरिपाठाला उभे राहतात.